फेड

गेल्या वर्षी जुलैमधल्या एका दुपारी आठवीच्या वर्गात भौगोलिक शोधांचा धडा शिकवत असताना एका मुलीने मला प्रश्न विचारला, आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही. पाऊस इतका लागला होता की पत्र्यावरच्या आवाजामुळे प्रत्येक वाक्य मला दोनदा सांगावे लागत होते. खिडकीतून खाडीच्या पाण्याचा आणि भिजलेल्या दप्तरांचा मिसळलेला वास येत होता. स्पॅनिश लोक समुद्रापलीकडचे मुलूख जिंकायला का निघाले, याचे उत्तर म्हणून मी फळ्यावर तीन शब्द लिहिले होते : सोने, धर्म, कीर्ती. इतकी वर्षे हेच तीन शब्द मी लिहीत आले आहे आणि मुलांनी ते उतरवून घेतले की पुढच्या मुद्द्याकडे वळत आले आहे. त्या दिवशी मी वळण्याआधी तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. एरवी ती क्वचितच बोलते. तिने विचारले, “बाई, त्यांच्यावर कर्ज होतं का?”

वर्गात कोणी हसले नाही. आमच्या खाडीकाठच्या शाळेत निम्म्या मुलांना माणूस घर का सोडतो हे पुस्तकात वाचून कळत नाही. या मुलीच्या वडिलांनी मासेमारीची बोट कर्जाने घेतली होती. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले, इंजिन बिघडले, बोट विकूनही देणे उरले आणि ते मस्कतला गेले. वर्गशिक्षिका म्हणून हे मला ठाऊक होते. मी “असेल” एवढेच म्हटले आणि पान उलटले. ते एक “असेल” मला रात्री घरी आल्यावर बोचू लागले, कारण तिने विचारले होते ते मी स्वतःला कधीच विचारले नव्हते. सोने, धर्म, कीर्ती हे शब्द लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर माणसे नसत. शिडे आणि झेंडे असत. तिच्या डोळ्यांसमोर माणूस होता.

माझ्याही डोळ्यांसमोर असायला हवा होता. मी दहा वर्षांची असताना माझे वडील आखातात गेले, आणि त्यांना पाठवण्यासाठी एजंटला द्यायचे पैसे आईच्या पाटल्यांतून उभे राहिले. आई मला घेऊन सोनाराकडे गेली होती. त्या पाटल्यांवर बारीक जाळीचे काम होते. लहानपणी आईच्या मांडीवर झोपताना मी त्या जाळीवरून बोट फिरवत असे, त्यामुळे ते काम मला डोळ्यांपेक्षा बोटांना अधिक आठवते. सोनाराने पाटल्या तराजूत टाकल्या, गुंजा मांडल्या, आकडा सांगितला. आईने हळू आवाजात घडणावळीचे काय, असे विचारले. मोडीला घडणावळ नसते, असे तो म्हणाला, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. व्यवहारच तसा आहे. मग त्याने कातरीने पाटल्या कापल्या आणि मुशीत टाकल्या. मूस लाल झाली तेव्हा आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. मी मात्र मुशीतच पाहत राहिले. जाळी आधी मऊ झाली, मग तिचा एक थेंब झाला.

त्या प्रश्नानंतर मी त्या माणसांविषयी नव्याने वाचू लागले, आणि वाचता वाचता कर्ज जिथेतिथे भेटू लागले.

कोलंबसापासूनच सुरुवात होते. १७ एप्रिल १४९२ रोजी सांता फे इथे राणी इसाबेला आणि राजा फर्नांडो यांच्याशी त्याचा जो करार झाला, त्यात त्याला समुद्राचा अ‍ॅडमिरल, सापडेल त्या भूमीचा व्हाइसरॉय आणि तिथल्या मालाच्या दहाव्या हिश्शाचा धनी ठरवले होते. म्हणजे जमीन दिसण्याच्या सहा महिने आधी तिच्या उत्पन्नाची वाटणी झाली होती. जहाजांसाठी पैसा जमवणाऱ्यांत दरबारातले अधिकारी होते, इटालियन व्यापारी होते, आणि त्या सगळ्यांना तो परत हवा होता. बहामाच्या किनाऱ्यावर तो १२ ऑक्टोबरला उतरला आणि दुसऱ्याच दिवशी रोजनिशीत सोन्याची चौकशी सुरू झाली. तिथल्या ताइनो लोकांच्या नाकात सोन्याचे बारीक तुकडे होते. त्याने त्यांना काचेचे मणी दिले आणि ससाण्याच्या पायात बांधतात ती छोटी घुंगरे दिली. त्या नादाचे ताइनोंना फार अप्रूप वाटले. हे मी पूर्वीही वाचले होते आणि वर्गात गमतीची गोष्ट म्हणून सांगितलेही होते. पुढचे मात्र मी नीट वाचले नव्हते. दुसऱ्या सफरीतही सोने पुरेसे सापडेना, खर्च तर वाढत चालला, तेव्हा १४९५ च्या सुमारास हिस्पानिओला बेटावर कोलंबसाने कर बसवला. सोन्याच्या भागात राहणाऱ्या चौदा वर्षांवरील प्रत्येकाने दर तीन महिन्यांनी एक घुंगरूभर सोन्याची रेती आणून द्यायची. इतरांनी पंचवीस पौंड कापूस द्यायचा. ज्याने दिले त्याच्या गळ्यात पावती म्हणून धातूचा बिल्ला. तेच घुंगरू. तीन वर्षांपूर्वी भेट म्हणून दिलेले खेळणे आता माप झाले होते. त्याच वर्षी पाचशेहून अधिक ताइनोंना गुलाम म्हणून जहाजांत भरून स्पेनला पाठवले गेले आणि त्यांतले दोनशेच्या आसपास वाटेतच समुद्रात टाकावे लागले. सोने पुरत नव्हते म्हणून माणसे पाठवली होती.

हे वाचले त्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी बटाटे सोलत होते. बटाटा हा शब्द पोर्तुगिजांनी आपल्याकडे आणला आणि मुळात तो त्याच ताइनो लोकांचा आहे. रताळ्याला ते बताता म्हणत. एकदोन पिढ्यांत ते बेट जवळजवळ त्यांच्याविना झाले, आणि त्यांच्या तोंडचा शब्द आमच्या घरात रोज उच्चारला जातो.

एर्नान कोर्तेसचेही तसेच. क्यूबामध्ये त्याला जमीन होती, राबायला माणसे नेमून दिलेली होती, सोन्याच्या खाणीत वाटा होता, आणि तरीही तो कर्जात होता, असे त्याच्याबरोबर लढलेला बेर्नाल दीआस देल कास्तियो लिहितो. मिळवलेले सगळे स्वतःच्या पोशाखावर, नव्या बायकोच्या दागिन्यांवर आणि पाहुणचारावर जात असे. मेक्सिकोच्या मोहिमेचे नेतृत्व मिळाले तेव्हा ओळखीच्या व्यापाऱ्यांनी त्याला चार हजार पेसो रोख आणि तेवढ्याच किमतीचा माल उधार दिला, आणि त्या उधारीतून त्याने पहिल्यांदा काय केले, तर सोन्याच्या फितीचा मखमली झगा शिवून घेतला आणि टोपीत तुरा खोवला. या तपशिलापाशी मी बराच वेळ थांबले. आमच्याकडेही आखातातून पहिल्यांदा सुट्टीवर येणारा माणूस अत्तर लावून, नवे घड्याळ घालून एसटीतून उतरतो आणि त्या घड्याळाचे पैसे कधी कधी अजून फिटायचे असतात. कर्जदाराला कर्जदार दिसून चालत नाही. १५१९ मध्ये व्हेराक्रूझच्या किनाऱ्यावर उतरलेल्या त्या माणसांना राजाकडून पगार नव्हता. ज्याने त्याने आपली तलवार, आपला घोडा स्वतःच्या पैशाने किंवा उधारीने आणला होता आणि त्याच्या प्रमाणात लुटीत त्याचा हिस्सा ठरलेला होता. घोडा असेल तर दुप्पट. आपण त्यांना सैन्य म्हणतो. ते स्वतःला कंपनी म्हणत, भागीदारांची टोळी. लुटीचा पाचवा भाग राजाचा, मग कोर्तेसचा, मग जहाजांचे, घोड्यांचे, मेलेल्या घोड्यांचेही पैसे वळते करून जे उरेल ते बाकीच्यांचे.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. तळ्यातले ते शहर, ज्याचे पांढरे मनोरे पहिल्यांदा दिसल्यावर आपण स्वप्नात तर नाही ना असे बेर्नालला वाटले होते, ते ढिगारा झाले होते. आदल्या वर्षी, ३० जून १५२० च्या रात्री, त्या शहरातून पळताना कितीतरी स्पॅनिश सैनिक अंगावर बांधलेल्या सोन्याच्या ओझ्याने कालव्यांत बुडाले होते. १९८१ मध्ये मेक्सिको शहरात एका बांधकामासाठी खोदताना जवळजवळ दोन किलोची सोन्याची लगड सापडली आणि ती त्या रात्रीचीच असल्याचे २०२० मध्ये तपासणीतून ठरले. शहर पडल्यावर उरलेल्या सोन्याची वाटणी झाली तेव्हा घोडेस्वाराच्या वाट्याला ऐंशी पेसोंच्या आसपास येत होते, तर एका तलवारीची किंमत पन्नास होती आणि घोड्याची आठशेच्या वर. वैद्याचे देणे होते, औषधविक्याचे होते. कोयोआकानमध्ये कोर्तेस ज्या वाड्यात राहत होता, त्याच्या नव्याने चुना लावलेल्या भिंतींवर रोज सकाळी कोळशाने लिहिलेल्या ओळी दिसू लागल्या : आपण मेक्सिको जिंकले नाही, आपल्यालाच कोर्तेसने जिंकले. तोही भिंतीवरच उत्तरे लिहीत असे. शेवटी वैतागून त्याने लिहिले, पांढरी भिंत हा मूर्खांचा कागद. जळालेल्या शहराशेजारी, जिथे प्रेतांच्या दुर्गंधीने श्वास घेणे कठीण झाले होते, तिथे ही माणसे भिंतीवर हिशेब मागत होती. मग त्यांतले बरेच जण पुढच्या मोहिमांवर निघाले, ग्वातेमालाकडे, होंडुरासकडे, कारण मागे फिरायला तोंड नव्हते. एक मुलूख जिंकून फिटले नाही म्हणून दुसरा.

वास्को नुन्येस दे बाल्बोआची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. हिस्पानिओलावर त्याची शेती बुडाली, सावकारांनी बेट सोडायला बंदी केली, आणि १५१० मध्ये तो आपल्या कुत्र्यासह एका पिंपात लपून जहाजावर चढला असे सांगतात. तीन वर्षांनी अमेरिकेच्या बाजूने पॅसिफिक महासागर पाहणारा पहिला युरोपीय म्हणून तो इतिहासात गेला. त्या टेकडीवर उभे राहून त्याला काय वाटले असेल याचे वर्णन मी वर्गात फार रंगवून करत असे. पिंपातल्या अंधाराचे कधी केले नाही.

आता धर्माविषयी लिहायला हवे, आणि ते मला सावधपणे लिहायचे आहे. सोन्यासाठीच सगळे होते आणि धर्म हा नुसता बुरखा होता, असे म्हणणे सोपे आहे. माझ्या वर्गातली हुशार मुले तसे म्हणतातही. मला ते खरे वाटत नाही. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादाचे शेवटचे मुस्लिम राज्य शरण आले. पिढ्यान्‌पिढ्या मुलूख जिंकणे आणि ख्रिस्ताची सेवा करणे या दोन गोष्टी त्या लोकांच्या मनात एकाच दोरीला वळलेल्या होत्या. ३१ मार्चला ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम निघाला तो त्याच दोरीतून. २६ डिसेंबर १४९२ च्या रोजनिशीत कोलंबस लिहितो की, या मोहिमेतून येणारा पैसा जेरुसलेम जिंकण्यासाठी खर्च व्हावा असे त्याने राजाराणींना सांगितले होते. हे वाचताना मला माझ्या आजीचे नवस आठवले. मराठीत आपण कर्ज फेडतो तसाच नवसही फेडतो. आईबापाचे पांग फेडतो ते याच क्रियापदाने, आणि पापही इथेच फेडावे लागते असे म्हणतो. देणे देवाचे असले की ते सावकाराच्या देण्यापेक्षा जड असते, हे आजीच्या चेहऱ्यावर मी पाहिलेले आहे. म्हाताऱ्या बेर्नालने ग्वातेमालात बसून आपण का गेलो ते एका वाक्यात लिहून ठेवले : देवाची आणि राजाची सेवा करायला, अंधारातल्यांना प्रकाश द्यायला, आणि सगळेच जण शोधतात ती संपत्ती मिळवायला. त्या वाक्यात त्याला कुठे सांधा दिसत नव्हता. तो खोटे बोलत होता असे मला वाटत नाही, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक भिववते.

कीर्तीचेही तसेच आहे, फक्त तो शब्द मला आता फार मोठा वाटतो. कोर्तेस मेदेयिनचा, पेरू जिंकणारा पिसारो त्रुहियोचा, बाल्बोआ हेरेस दे लोस काबायेरोसचा, कोर्तेसचा साथीदार आल्वारादो बादाहोजचा. ही सगळी गावे स्पेनच्या पश्चिमेकडच्या एक्स्त्रेमादुरा या एकाच प्रांतात आहेत. ओकची विरळ झाडे, त्याखाली चरणारी डुकरे, मेंढ्यांचे कळप आणि उन्हाने करपलेले गवत, असा तो मुलूख. जमीन थोड्यांच्या हातात आणि घराणी खूप. वारसा एकाच मुलाकडे जायचा म्हणून धाकट्यांच्या वाट्याला नाव येई, पोट भरेल अशी जमीन येत नसे. कनिष्ठ सरदाराला स्पॅनिशमध्ये इदाल्गो म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ ‘कशाचा तरी मुलगा’ असा आहे. ज्याच्याकडे ते ‘काहीतरी’ नाही, त्याने ते कुठून तरी आणायचे. फ्रान्सिस्को पिसारो एका सरदाराचा अनौरस मुलगा होता, त्याला अक्षर ओळखता येत नव्हते. १५२७ मध्ये गायो बेटावर उपाशी आणि आजारी माणसे परत जाऊ म्हणू लागली तेव्हा त्याने तलवारीने वाळूत रेघ ओढली : इकडे पनामा आणि गरिबी, तिकडे पेरू आणि श्रीमंती. तेरा जणांनी रेघ ओलांडली. दोन वर्षांनी तोलेदोच्या करारात त्या तेराही जणांना इदाल्गो करण्यात आले आणि जे आधीच इदाल्गो होते त्यांना त्याहून वरचा मान मिळाला. त्या तेरांसाठी कीर्ती म्हणजे हेच असावे : आपल्या गावच्या चौकात आपल्याला कोणी अरेतुरे करणार नाही.

१६ नोव्हेंबर १५३२ रोजी पेरूमधल्या काहामार्काच्या चौकात पिसारोबरोबर १६८ माणसे होती. त्यांत शिंपी होते, लोहार होते, सुतार होते, कारकुनी करणारे होते, एक दवंडी देणारा होता. हे समजल्यावर माझ्या मनातले चिलखती योद्ध्यांचे चित्र कायमचे मोडले. व्हिसेंते दे व्हाल्वेर्दे नावाच्या पाद्र्याने इंका राजा आताहुआल्पापुढे ग्रंथ धरला, राजाने तो खाली टाकला, आणि संध्याकाळपर्यंत त्या शिंप्यासुतारांनी हजारो निःशस्त्र माणसे कापली. कैद झालेल्या आताहुआल्पाने सुटकेसाठी सुमारे बावीस फूट लांब आणि सतरा फूट रुंद अशी एक खोली उभ्या माणसाच्या डोक्यावर हात पोचेल इतक्या उंचीपर्यंत एकदा सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून देण्याचे कबूल केले. सगळ्या राज्यातून ओझी येऊ लागली : पेले, घडे, देवळांच्या भिंतींवरचे पत्रे, मूर्ती. १५३३ च्या उन्हाळ्यापर्यंत भट्ट्या पेटत राहिल्या आणि ते सगळे वितळवण्याचे काम इंका सोनारांकडूनच करून घेतले गेले. सहा टनांहून अधिक सोने आणि अकरा टनांहून अधिक चांदी निघाली. घोडेस्वाराला सुमारे ९० पौंड सोने, पायदळातल्याला त्याच्या निम्मे. मोडीला घडणावळ नसते. ते सोनार काय पाहत होते, भट्टीत की भिंतीकडे, हे मला सारखे मनात येते. मेक्सिकोहून राजाला पाठवलेल्या अशाच वस्तू १५२० मध्ये ब्रसेल्सला मांडल्या होत्या आणि चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने त्या पाहून लिहिले होते की, आयुष्यात कशानेही आपले हृदय इतके आनंदले नाही. ड्यूरर सोनाराचा मुलगा होता. त्या वस्तूंपैकी जवळजवळ काहीच आज उरलेले नाही.

काहामार्कामधल्या त्या माणसांत गास्पार दे मार्किना नावाचा उत्तर स्पेनमधला एक बास्क तरुण होता. २० जुलै १५३३ रोजी त्याने तिथून आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र टिकून राहिले आहे, आणि हे सगळे वाचण्यात मला जर काही खरोखर सापडले असेल तर ते पत्र. तो लिहितो की, तुमचे पत्र मला साधारण तीन वर्षांपूर्वी मिळाले, त्यात तुम्ही थोडे पैसे पाठव असे लिहिले होते. तेव्हा माझ्याकडे काहीच नव्हते याचे किती वाईट वाटले ते देवालाच माहीत, कारण असते तर तुम्हाला लिहावे लागलेच नसते. आता मी चांगल्या सोन्याचे २१३ पेसो एका भल्या माणसाबरोबर पाठवतो आहे. तो सेव्हिलमध्ये त्याची नाणी करून तुमच्यापर्यंत पोचवील. आपल्या मापात ते ऐंशी तोळ्यांहून अधिक भरते. माझ्या वडिलांची पत्रे अगदी अशीच असत. उशीर का झाला ते आधी, कोणाबरोबर पाठवले ते मग, आणि प्रकृतीची चौकशी शेवटी. आई ती पत्रे मला मोठ्याने वाचायला लावत असे आणि पैशांच्या ओळीपाशी मला थांबवून ती ओळ पुन्हा वाचायला सांगत असे. गास्पारचे पत्र वाचताना माझे डोळे भरून आले, आणि मग मी तारखांकडे पाहिले. २० जुलै. खंडणीची भट्टी नुकतीच थंड झाली होती. सहा दिवसांनी, २६ जुलैला, इतकी खंडणी घेऊनही त्यांनी आताहुआल्पाला गळा आवळून मारले. नोव्हेंबरमध्ये राजधानी कुस्कोच्या वाटेवर इंकांशी झालेल्या चकमकीत गास्पारही मारला गेला.

त्या दोन भावना मला एकमेकींपासून वेगळ्या करता आल्या नाहीत. तो मुलगा बापाचे पांग फेडत होता. ते ज्याने फेडत होता ते दुसऱ्याच्या देवळातून खरवडून आणलेले होते. मुलीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर हो असे आहे, त्यांच्यावर कर्ज होते. पण एवढे सांगून मी थांबले तर मी तिच्या बापाला त्यांच्या रांगेत बसवते, आणि तो अन्याय माझ्याकडून होता कामा नये. तिच्या बापाने मस्कतमध्ये ऊन सोसून स्वतःचे देणे स्वतः फेडायला घेतले. कर्ज घर सोडायला लावते. दुसऱ्याच्या दारात शिरून त्याच्याकडून आपले देणे वसूल करायला आणखी काहीतरी लागते, आणि ते काहीतरी मला एका कागदात सापडले.

१५१३ मध्ये पालासिओस रुबिओस नावाच्या कायदेपंडिताने एक मजकूर तयार केला. स्पॅनिशमध्ये त्याला रेकेरिमिएन्तो म्हणतात, म्हणजे मागणीपत्र किंवा नोटीस. कुठल्याही वस्तीवर चाल करण्याआधी तो वाचून दाखवायचा आणि वाचल्याची नोंद लेखनिकाने करायची. देवाने जग निर्माण केले, त्याने संत पीटरला सगळ्यांचा प्रमुख नेमले, त्याच्या गादीवरच्या पोपने ही भूमी स्पेनच्या राजांना दिली. हे मान्य करा, नाही तर आम्ही तुमच्यावर चालून येऊ, तुम्हाला आणि तुमच्या बायकामुलांना गुलाम करू, तुमची मालमत्ता घेऊ, आणि त्यातून जे मृत्यू आणि जी हानी होईल त्याचा दोष तुमचा असेल, आमचा नाही. ऐकणाऱ्यांना न कळणाऱ्या भाषेत, कधी रिकाम्या झोपड्यांपुढे, कधी रात्री दुरून झाडीत उभे राहून तो वाचला जात असे. बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याने लिहिले आहे की, यावर हसावे की रडावे तेच कळत नाही. त्या मागणीपत्रातले दोषाविषयीचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले. हिशेबाच्या वहीत एका खात्यावरची रक्कम दुसऱ्याच्या नावे टाकावी तसे ते आहे. खून अजून व्हायचा आहे, आणि त्याची नोंद आधीच मरणाऱ्याच्या नावावर झालेली आहे. नुसत्या लोभी माणसाला रात्री कधीतरी जाग येत असेल. ज्याच्या खिशात असा कागद आहे त्याला शांत झोप लागत असणार.

सगळ्यांनाच लागली असे नाही. २१ डिसेंबर १५११ रोजी हिस्पानिओलावरच्या सांतो दोमिंगोच्या गवताने शाकारलेल्या चर्चमध्ये आंतोनिओ दे मोंतेसिनोस या पाद्र्याने समोर बसलेल्या जमीनदारांना विचारले होते, ही माणसे नाहीत का? यांना आत्मा नाही का? लोक संतापले, त्याला परत पाठवा म्हणू लागले. लास कासास तेव्हा स्वतः जमीन आणि राबणारी माणसे बाळगून होता. तीन वर्षांनी त्याने ती सोडली आणि उरलेले आयुष्य, अर्ध्या शतकाहून थोडे अधिक, त्याविरुद्ध लिहिण्याबोलण्यात घालवले. मोठ्या प्रवाहापुढे ही माणसे थोडी होती. राजा स्वतःच गळ्यापर्यंत बुडालेला होता : १५१९ मध्ये पाचव्या चार्ल्सची सम्राटपदी निवड व्हावी म्हणून जर्मन सावकार फुगर घराण्याकडून प्रचंड कर्ज उचलले होते. १५४५ पासून आजच्या बोलिव्हियातल्या पोतोसीच्या डोंगरातून चांदी निघू लागली, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, आणि १५७३ पासून दरवर्षी सुमारे तेरा हजार स्थानिक माणसे सक्तीने तिथे नेली जाऊ लागली. ती चांदी बंदरात उतरण्याआधीच सावकारांकडे गहाण पडलेली असे. १५५७ मध्ये दुसऱ्या फिलिपने देणी थांबवली, आणि तो काही शेवटचा प्रसंग नव्हता. त्यातलीच काही चांदी जहाजांतून सुरतेपर्यंत आली आणि वितळून तिचे रुपये झाले.

पेरूच्या त्या विजेत्यांपैकी मान्सिओ सेर्रा दे लेगिसामो हा खूप जगला. कुस्कोच्या सूर्यमंदिरातली सोन्याची सूर्यप्रतिमा त्याच्या वाट्याला आली आणि ती त्याने एका रात्रीत जुगारात घालवली, असे सांगतात. १५८९ मध्ये म्हातारपणी त्याने मृत्युपत्र केले आणि त्यात राजाला उद्देशून लिहिले की, आपल्या विवेकावरचा भार उतरवण्यासाठी हे सांगतो आहे. आम्ही आलो तेव्हा या लोकांत चोर नव्हता. घरात लाखाचे सोने असले तरी बाहेर जाताना माणूस दाराशी एक काटकी आडवी ठेवत असे. मालक घरात नाही एवढे त्यावरून कळायचे आणि कोणी आत जात नसे. आम्ही दारांना कुलपे लावतो हे पाहून त्यांना आधी वाटले की, आम्ही त्यांच्या भीतीने लावतो. आमच्यात चोर आहेत हे जेव्हा त्यांना कळले, तेव्हा त्यांनी आम्हाला तुच्छ मानले.

ती दाराशी आडवी ठेवलेली काटकी मला फार दिवस दिसत राहिली.

ऑगस्टमध्ये उजळणीच्या तासाला मी पुन्हा त्या धड्याकडे वळले. फळ्यावरचे तीन शब्द या वेळी लिहिले नाहीत. मी मुलांना म्हटले की, तुमच्यातल्या एकीने विचारले होते त्याचे उत्तर मी द्यायचे राहिले आहे, आणि गास्पारचे पत्र मराठीत करून नेले होते ते वाचून दाखवले. वर्ग इतका शांत मी क्वचित पाहिला आहे. कितीतरी मुलांना ती भाषा ओळखीची होती. मागच्या बाकावरून एकाने २१३ पेसोंचे तोळे किती ते विचारले, आणि दुसऱ्याने मनातल्या मनात आजच्या भावाने आकडा काढून सांगितलासुद्धा. मग मी त्यांना खोलीविषयी सांगितले, भट्ट्यांविषयी, आणि आताहुआल्पाविषयी.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “बाई,” ती म्हणाली, “हे सोनं कुणाचं आहे, ते त्यानं वडलांना कळवलं होतं का?”

पत्रात ते आहे. एका मोठ्या राजाला आम्ही धरले, असे तो लिहितो, आणि आपल्याकडे बिस्कायमध्ये लोखंड आहे त्याहून इथे सोने-चांदी अधिक आहे, असेही लिहितो. वडिलांना अभिमान वाटेल अशा सुरात लिहितो.

“हो,” मी म्हटले, “कळवलं होतं.”

ती खाली बसली. तिने वही उघडली आणि काहीतरी लिहिले.